उणे तीन वजा उणे पाच

पहिलाच प्रश्न चुकला, आणि तोही एका स्वल्पविरामामुळे. 'वन मिलियन टू हंड्रेड फोर्टी-फाइव्ह थाउजंड सिक्स हंड्रेड सेव्हन्टी-एट' ही संख्या अंकांत लिहा, असे संगणकाच्या पडद्यावर आले होते. मी मनातल्या मनात तिचे बारा लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर केले आणि कऱ्हाडजवळच्या आमच्या शाळेत शिकवले होते तसे १२,४५,६७८ लिहून मोकळी झाले. पडद्यावर लाल फुली उमटली. मला अमेरिकेत येऊन तेव्हा २३ वर्षे झाली होती, घराच्या हप्त्यापासून मुलाच्या फीपर्यंतचे सगळे आकडे मी याच देशात वाचत आले होते, पण संख्या लिहायला बोटे कीबोर्डवर गेली की ती अजूनही लाख आणि कोटीच्या जागी थांबत होती, हे मला त्या फुलीने सांगितले. १,२४५,६७८ असे लिहिल्यावर हिरवी खूण आली. वयाच्या ५१व्या वर्षी कॉलेजच्या गणिताच्या पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न दुसऱ्या प्रयत्नात सुटला.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळी लक्षात आली. शिकवणीच्या चित्रफितीत कोणी 'सेव्हन्टी-एट' म्हटले की मी आधी आठ लिहीत असे आणि मग त्याच्या डावीकडे सात सरकवीत असे, कारण अठ्ठ्याहत्तरमध्ये आठ आधी ऐकू येतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर आठ' अशा जोडणीने संख्या वाचायला सुचवले, तेव्हा महाराष्ट्रात उठलेला गदारोळ मी इथे बसून वाचला होता, आणि मराठी बुडवायला निघालेल्यांना हसणाऱ्यांमध्ये मीही होते. आता मला त्या सूचनेत तितके हसण्यासारखे काही दिसत नाही. मात्र अठ्ठ्याहत्तर हा शब्द सोडायलाही मी तयार नाही.

मी न्यू जर्सीत राहते. या राज्यात १८ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि ती काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, आधाराने चालतात. अशा दोन वर्षांच्या कॉलेजांची अमेरिकेतली सुरुवात १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट या गावात झाली असे मानतात. कोणालाही प्रवेश मिळतो, वयाची अट नसते, वर्ग संध्याकाळीही असतात, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसेल याचा काही नेम नसतो. मी वृद्धांच्या दिवसभराच्या देखभाल केंद्रात काम करते. आमच्या भागात अशा कितीतरी केंद्रांत भारतीय आजी-आजोबा येतात, त्यांच्यासाठी वरण-भात असतो, भजने असतात, आणि औषधांचा डबा उघडण्याची वेळ झाली की केंद्रातली परिचारिका येते. मी त्यांना हात धरून बसवू शकते, रक्तदाबाचे यंत्र लावू शकते, पण गोळी देऊ शकत नाही. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जायचे तर आधी गणित हवे, आणि माझे गणित म्हणजे १९८९ सालच्या दहावीत बीजगणित आणि भूमिती मिळून १५०पैकी ५४ गुण. त्यानंतर मी मराठी विषय घेऊन बी. ए. झाले आणि गणिताच्या वाटेला पुन्हा गेले नाही.

प्रवेशापूर्वी संगणकावर एक चाचणी द्यावी लागते. तिला वेळेची मर्यादा नव्हती. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो आणि चुकले की सोपा. माझे प्रश्न हळूहळू सोपे होत गेले, इतके की शेवटी शेवटी मला त्यांची लाज वाटू लागली. निकालाच्या कागदावर प्रीअल्जिब्रा असा शब्द होता. बीजगणिताच्या आधीचे गणित: पूर्ण संख्या, ऋण संख्या, अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी आणि शेवटी एक्सची साधी समीकरणे. आपल्याकडे पाचवीपासून आठवीपर्यंत जे येते ते सगळे एका सत्रात. त्याची क्रेडिटे पदवीत धरली जात नाहीत, शुल्क मात्र धरले जाते. दोन प्रकार होते: एक नेहमीचा वर्ग, आणि दुसरा 'सेल्फ-पेस्ड', म्हणजे ज्याने त्याने आपल्या गतीने करायचा. कामाच्या वेळा दर आठवड्याला बदलत असल्याने मी दुसरा घेतला. खरे सांगायचे तर वेळापत्रक हे अर्धेच कारण होते. विशीतल्या मुलांसमोर फळ्यावर बोलावले जाण्याची भीती हे उरलेले अर्धे.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली होती, तीत चाळीसेक संगणक आणि मध्ये फिरणारे दोन-तीन साहाय्यक. या पद्धतीची मोठी सुरुवात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने १९९७ साली केली. एका मॉलमधल्या बंद पडलेल्या दुकानाच्या जागेत त्यांनी शेकडो संगणक मांडले आणि फळा, खडू, तासाची घंटा हे सगळे काढून टाकले. कल्पना त्याहून जुनी आहे. फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली असे मांडले होते की विद्यार्थ्याने एक घटक पूर्ण आत्मसात करावा आणि मगच पुढच्या घटकाला हात घालावा, मग त्याला कितीही दिवस लागोत. आमच्याकडे १२ घटक होते, प्रत्येकाच्या चाचणीत किमान ८० टक्के मिळाले तरच पुढचे दार उघडे. सत्र १६ आठवड्यांचे. तेवढ्यात न संपले तर पुढच्या सत्रात पुन्हा पैसे भरून जिथे थांबलो तिथून सुरू करायचे. प्रत्येक संगणकाशेजारी एक लाल प्लास्टिकचा कप असे. मदत हवी असेल तर तो संगणकाच्या डोक्यावर पालथा ठेवायचा, साहाय्यक येतो. ही कपाची युक्तीसुद्धा व्हर्जिनियाकडूनच आलेली. पहिले सहा आठवडे माझा कप टेबलावरून हलला नाही.

पहिले दोन घटक मी दहा दिवसांत संपवले आणि थोडी शेफारलेसुद्धा. फक्त क्रियांच्या क्रमात एकदा अडकले. १० − ३ + २ याचे मी ५ उत्तर दिले. माझ्या डोक्यात 'कंचेभागुबेव' इतके पक्के बसले होते की बेरीज वजाबाकीच्या आधी करायची यात मला कधी शंका आली नव्हती: तीन आणि दोन पाच, दहातून पाच गेले, उरले पाच. बरोबर उत्तर ९, कारण बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा आहे आणि त्या डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा करायच्या असतात. शाळेत आम्हाला हे सांगितले नसेल असे नाही. सूत्र लक्षात राहिले आणि त्याखालची टीप गळून पडली, एवढेच. गंमत अशी की इथल्या मुलांचीही अशीच फजिती होते, मात्र दुसऱ्या जागी. त्यांच्या सूत्राचा अर्थ 'माझ्या लाडक्या सॅली आंटला माफ करा' असा काहीसा आहे (आंट म्हटल्यावर ती आत्या, मावशी, काकू की मामी, हे कळायला मार्ग नाही), आणि त्यातल्या आद्याक्षरांत गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. त्यामुळे २४ ÷ ४ × २ याचे उत्तर पलीकडची मुलगी ठामपणे ३ सांगत होती. आपल्या कंचेभागुबेवमध्ये भागाकार आधी असल्याने तिथे आपले उत्तर, म्हणजे १२, चुकत नाही. दोन्ही सूत्रे सोयीसाठी थोडे खोटे बोलतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. आणि आपल्या सूत्रातला 'चे' तर यांच्याकडे नाहीच. आठचे अर्धे हे त्यांना केवळ गुणाकार वाटते. आपल्याला ते आधी एकत्र बांधलेले गाठोडे वाटते. यावर मी एका रात्री बराच वेळ घालवला, ज्याचा अभ्यासक्रमाशी काही संबंध नव्हता. आपल्या गतीने शिकण्यात हा एक फायदा आहे असे तेव्हा वाटले होते.

मग तिसरा घटक आला, ऋण संख्यांचा, आणि त्यात माझे चार आठवडे गेले.

प्रश्न होता −३ − ५. मी ८ लिहिले. फुली. पुन्हा तसलाच प्रश्न, −७ − २; मी ९ लिहिले. फुली. 'वजा वजा अधिक' हे वाक्य मला कोणत्याही स्तोत्रापेक्षा जास्त पाठ होते. दोन वजा दिसले की त्यांचा अधिक करायचा आणि संख्या मिळवायच्या, याच नियमावर मी दहावीपर्यंत आले होते. कधी उत्तर बरोबर येई, कधी येत नसे, आणि येत नसे तेव्हा ते गणितच अवघड असावे असे मी समजत असे. चाचणी मी तीनदा दिली: ४५ टक्के, ५० टक्के, पुन्हा ४५. संगणक प्रत्येक वेळी तेच स्पष्टीकरण दाखवी, संख्यारेषेवरचा निळा बाण डावीकडे सरके, मी 'कळले' अशा अर्थाचे बटन दाबी आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा चुके. घरी कोणाला काही सांगितले नाही. नवऱ्याने एकदा विचारले तर म्हणाले, चालले आहे माझ्या गतीने. ते अगदी खोटे नव्हते; गती शून्य असली तरी ती माझीच होती.

त्या दिवसांत कधीतरी आठवले की सहावीत असताना मला कांजिण्या आल्या होत्या. तीन आठवडे मी खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर पडून होते. परत शाळेत गेले तेव्हा वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला होता, आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने डबा खाता खाता सगळा धडा मला एका वाक्यात दिला: वजा वजा अधिक. तिचा काही दोष नाही. तीन आठवड्यांचे गणित एका वाक्यात देता येते असे तिला वाटले आणि ते घेता येते असे मला वाटले. गुरुजींनीही सगळ्यांना पाठ आहे का एवढेच विचारले, आणि पाठ तर मला होतेच. तेव्हापासून मी स्वतःला गणितात मंद समजत आले. चाळीस वर्षांनंतर न्यू जर्सीतल्या एका खोलीत कळले की वर्ग जिथून निघून गेला होता त्या जागी मी अजून उभी होते, आणि या वेळी पुढे जाणारा वर्गच नसल्याने ते झाकायलाही काही नव्हते. नेहमीच्या वर्गात असते तर शिक्षक पुढच्या सोमवारी अपूर्णांकांकडे वळले असते, मीही वळले असते, आणि पन्नास-साठ गुणांनी सुटलेही असते. ८० टक्क्यांच्या त्या आडमुठ्या दाराने मला सुटू दिले नाही.

सातव्या आठवड्यात मी कप उचलून संगणकावर ठेवला. आलेला साहाय्यक सत्तरीचा होता, निवृत्त शिक्षक असावा. त्याने माझ्या कागदावरची उत्तरे पाहिली, काही न बोलता जाऊन एक डबा आणला आणि त्यातून प्लास्टिकच्या चकत्या काढल्या, पिवळ्या आणि लाल. पिवळी म्हणजे अधिक एक, लाल म्हणजे उणे एक, एक पिवळी आणि एक लाल मिळून शून्य. "उणे तीन दाखवा," तो म्हणाला. मी तीन लाल ठेवल्या. "आता यातून पाच पिवळ्या काढून घ्या." पिवळ्या तर नव्हत्याच. त्याने मला थांबू दिले. बराच वेळ थांबू दिले. शेवटी मी स्वतःच पाच पिवळ्या आणि पाच लाल अशा जोड्या ठेवल्या, कारण त्यांनी बेरीज बदलत नाही, आणि मग पिवळ्या काढल्या. टेबलावर आठ लाल उरल्या. उणे आठ. "आता पुन्हा उणे तीनपासून सुरू करा," तो म्हणाला, "आणि या वेळी पाच लाल काढा." तीनच होत्या. आणखी दोन लाल हव्यात म्हणून मी दोन जोड्या ठेवल्या, पाच लाल काढल्या, आणि दोन पिवळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मला त्या पिवळ्या चकत्यांपाशी आमचे घर दिसले. १९९० साली व्ही. पी. सिंह यांच्या सरकारने शेतकऱ्यांचे १०,००० रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ केले होते, आणि वडिलांच्या नावावर सोसायटीचे ६,५०० होते. ती बातमी कळली त्या संध्याकाळी आई म्हणाली, "साडेसहा हजार मिळाले हो आपल्याला." वडील चुलीजवळ बसले होते. ते म्हणाले, "मिळाले कुठे? गेले." घरात एक रुपयाही आला नव्हता हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि आपण साडेसहा हजारांनी वर आलो हे आईचेही खरे होते. वजा वजा अधिक म्हणजे एवढेच: डोक्यावरचे काढून घेणे. पण −३ − ५ मध्ये कोणी काहीच माफ करत नाही. तिथे तीनचे कर्ज आहे आणि वर पाचचा खर्च आला आहे. त्यातून आठ शिल्लक निघतील असे मानणाऱ्या मुलीला सोसायटीच्या सचिवाने हसून बाहेर काढले असते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण हेच शब्द वापरून यांचे नियम लिहिले. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'ऋण संख्या' हा शब्द होता, रोज डोळ्यांसमोर होता, आणि ऋण म्हणजे कर्ज हे कर्जात वाढलेल्या मुलीला त्या पानावर कधी दिसले नाही. मी हे त्या साहाय्यकाला सांगायचा प्रयत्न केला. सोसायटी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली, तेव्हा सोडून दिले. पुढच्या चाचणीत ९५ टक्के मिळाले. त्याने अंगठा दाखवला आणि दुसऱ्या कपाकडे गेला.

अपूर्णांकांत मला शेजाऱ्याची सोबत झाली. माझ्या डावीकडच्या संगणकावर इक्वेडोरहून आलेला एक सुतार बसत असे, चाळिशीचा, कामावरून थेट येणारा, बाह्यांवर लाकडाचा भुसा आणि कमरेला फीत तशीच. मला तो सेन्योरा म्हणे. त्याला ठेकेदारीच्या परवान्याशी संबंधित काही अभ्यासक्रम करायचा होता आणि तोही याच दारात अडला होता. त्याच्या देशात मीटर-सेंटिमीटर. इंच त्याने इथे येऊन शिकले, आणि तेही पुस्तकातून नव्हे. फितीवर इंचाचे १६ भाग असतात. ३/८ मोठा की ५/१६, हे त्याला बघताक्षणी सांगता येई, पण पडद्यावर ३/८ + ५/१६ आले की तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून ८/२४ लिही आणि फुलीकडे अविश्वासाने पाही.

मला सोळा दिसले आणि आणे आठवले. रुपयाचे १६ आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणा कायद्याने संपला, म्हणजे माझ्या जन्माच्या १६ वर्षे आधी. तरी माझ्या लहानपणी २५ पैशांच्या नाण्याला कोणी पंचवीस पैसे म्हणत नसे, ते चाराणेच होते, ५० पैसे आठाणे होते, आणि माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, असे सगळे अपूर्णांकांचे पाढे पाठ होते. दशमान नाणी आणि किलोग्रॅम आल्यावर त्या पाढ्यांचे काम संपले आणि आमच्या पिढीला ते कोणी शिकवले नाहीत. मी कागदावर त्याला लिहून दाखवले: ३/८ म्हणजे सहा आणे, ५/१६ म्हणजे पाच आणे, मिळून अकरा आणे, ११/१६. त्याने फीत ओढून टेबलावर अंगठ्याच्या नखाने मोजले आणि मान हलवली. भागाकारात तर आण्यांनी माझेच भले केले. 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे' हा नियम मी आयुष्यभर जादूसारखा वापरला होता. ३/४ ÷ १/१६ म्हणजे पाऊण रुपयात किती आणे असा प्रश्न आहे, आणि बारा हे उत्तर आजोबांच्या पिढीतल्या कोणत्याही पोराने झोपेतून उठवल्यावरही दिले असते. अमेरिकेत मात्र पाव, अर्धा आणि सोळावा भाग अजून बाजारात जिवंत आहेत: पाव डॉलरचे नाणे आहे, अर्धा गॅलन दूध आहे, पाऊण इंचाचा पाइप आहे. इथल्या प्रीअल्जिब्रात अपूर्णांकांचा इतका मोठा घटक का आहे हे मला त्या फितीने सांगितले. औटकी जगली असती तर ती कदाचित इथे, हार्डवेअरच्या दुकानात.

दशांशाच्या घटकावर फार सांगण्यासारखे नाही, एक गोष्ट सोडून. मी .५ असे उत्तर लिहिले, संगणकाने ते बरोबर धरले, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात मी सहज तसेच एका चिठ्ठीवर लिहिले तेव्हा आमच्या परिचारिकेने ती चिठ्ठी फाडून टाकली. औषधाची मात्रा लिहिताना दशांश चिन्हाच्या आधी शून्य हवेच, ०.५, आणि पूर्ण संख्येच्या पुढे शून्य कधी नको, ५.० नाही, नुसते ५. टिंब पुसट झाले तर पहिल्या चुकीत अर्ध्याचे पाच होतात आणि दुसरीत पाचचे पन्नास. दोन्ही वेळा मात्रा दसपट. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली न वापरायच्या लिखाणाची जी यादी केली, तीत या दोन्ही गोष्टी आहेत. गणिताच्या दृष्टीने ५ आणि ५.० एकच. केंद्रातल्या ८४ वर्षांच्या आजींच्या दृष्टीने नाही.

समीकरणांत माझी अडचण पुन्हा पाठांतराचीच होती. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा नियम महाराष्ट्राच्या राजकारणात अलीकडे लागू पडताना दिसत नसला तरी बीजगणितात तो चालतो, आणि त्या जोरावर मी एक्स भराभर सोडवीत होते. इथे प्रत्येक ओळीला तुम्ही दोन्ही बाजूंना काय केले ते लिहावे लागते. एक्स + ७ = ४; दोन्ही बाजूंतून ७ वजा; एक्स = −३. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटला. ३एक्स = १२ मध्ये मी ३ पलीकडे नेऊन त्याचे चिन्ह बदलले आणि एक्स = ९ लिहिले, तेव्हा वाटणे थांबले. ७ कुठेही चालत जात नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून तेवढेच काढले जाते, म्हणून तो एका बाजूला नाहीसा झालेला आणि दुसरीकडे उलटा उगवलेला दिसतो. शाळेत आम्ही एक्सला क्ष म्हणत होतो. क्षची किंमत काढा. तो क्ष मला नेहमी कोणीतरी लपवून ठेवलेला गुन्हेगार वाटे. इथे तो एक न सांगितलेला आकडा आहे, एवढेच.

नोव्हेंबरपर्यंत खोली अर्धी रिकामी झाली होती. कोणी ओरडले नव्हते, कोणाला नापास केले नव्हते. माणसे नुसती येईनाशी झाली. सुतारही ऑक्टोबरच्या मध्यापासून दिसला नाही. अशा पूर्वतयारीच्या वर्गांविरुद्धचा मोठा आक्षेप हाच आहे की एकामागून एक पायऱ्या लावल्या की प्रत्येक पायरीवर माणसे गळतात. फ्लोरिडाने २०१३ साली बहुतेक विद्यार्थ्यांसाठी हे वर्ग ऐच्छिक केले, आणि कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून विद्यार्थ्यांना शक्यतो थेट पदवीच्या गणितात घालायला आणि गरज असेल तर तिथेच आधार द्यायला कॉलेजांना भाग पाडले. मला तो युक्तिवाद कळतो. रिकाम्या खुर्च्या मी मोजल्या आहेत. शाळेतून नुकत्याच निघालेल्या मुलाला केवळ एका चाचणीवरून वर्षभर मागे ठेवणे अन्यायाचे आहे, हेही मान्य. पण मला थेट संख्याशास्त्राच्या वर्गात बसवले असते, तर मी 'वजा वजा अधिक' घेऊनच बसले असते आणि पाठांतराच्या जोरावर कदाचित निघालेही असते, आणि मग एक दिवस केंद्रात कोणाची तरी मात्रा काढली असती. 'आपल्या गतीने' या शब्दांवर मात्र माझा आता पूर्वीसारखा विश्वास नाही. माझी गती दुपारची पाळी कोणाला मिळते, बर्फ किती पडते आणि मुलाच्या गाडीला काय होते, यावर ठरत होती. आठवड्यातून दोन संध्याकाळी कोणीतरी हजेरी घेतली असती तर मला आवडले असते, हे लिहायला थोडे विचित्र वाटते, कारण हजेरी चुकवण्यासाठीच तर मी हा प्रकार घेतला होता.

डिसेंबरात सत्र संपले तेव्हा मी नवव्या घटकावर होते. जानेवारीत पुन्हा शुल्क भरले.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, बाहेर बर्फ साचलेले असताना, डावीकडची खुर्ची ओढली गेली. सुतार होता. शरद ऋतूत एका मोठ्या घराचे काम मिळाले होते, त्यामुळे महिनोन्महिने श्वास घ्यायला वेळ नव्हता. आता थंडीने बाहेरची कामे बंद, म्हणून परत आला. त्याने संगणक सुरू केला. ऑक्टोबरात अर्धवट सोडलेला प्रश्न जसाच्या तसा पडद्यावर आला, त्याने लिहिलेल्या अर्ध्या उत्तरासकट. तो त्याकडे बघून हसला.

"सेन्योरा, तुमचे कुठवर आले?"

"अकरावा चालू आहे. आलेख."

त्याने भुवया उंचावल्या, लाल कप उगाच एकदा हातात घेऊन परत खाली ठेवला, आणि मग कमरेची फीत ओढून माझ्या वहीच्या कडेला लावली. नख एका रेघेवर टेकवून त्याने माझ्याकडे पाहिले.

"हे किती आणे?"

मी वाकून पाहिले. सहा इंच आणि वर काहीतरी होते.

"तेरा," मी म्हणाले.